डावा खांदा पालखीचा

डॉक्टरांच्या मेजवान्यांत सांगायचा माझा एक हमखास किस्सा होता. पोलादपूरच्या वरच्या अंगाला असलेल्या एका गावातला म्हातारा. त्याच्या छातीत आम्ही पेसमेकर बसवला. म्हातारा ठणठणीत झाला आणि शिमग्याला देवाची पालखी खांद्यावर घेऊन नाचला. तार तुटली आणि म्हातारा पालखीसकट खाली. इथे मी थांबायचो, ग्लास उचलायचो आणि म्हणायचो, "आता बोला, विज्ञान काय करणार?"

हशा ठरलेला. महाडात हसले, अलिबागला हसले, एकदा पुण्यातही हसले. त्या हसणाऱ्यांत एम.डी. होते, एम.एस. होते, परदेशात शिकून आलेलेही होते. तार नेमकी कुठे तुटली, एवढा एकच प्रश्न त्यांतल्या कुणी विचारला असता तर माझा किस्सा तिथेच आटोपला असता. कुणी विचारला नाही. ज्याला विचारायची अक्कल होती तो बहुधा जेवणाच्या रांगेत पुढे गेलेला असायचा. आणि ज्याला उत्तर माहीत होतं तो मी, किस्सा सांगत उभा होतो.

आता ते उत्तर लिहितो.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर महाडात माझं लहानसं हॉस्पिटल होतं. मी सर्जन. औद्योगिक वसाहतीत भाजलेले, हायवेवर मोडलेले, हर्निया, अपेंडिक्स, सगळं माझ्याकडे यायचं. मोडक्या हाडांसाठी मी सी-आर्म घेतलं होतं. ऑपरेशन चालू असतानाच क्ष-किरणांचं चित्र पडद्यावर दाखवणारं हे यंत्र. आसपास तसं दुसरं नाही, हे मी समोर येईल त्याला ऐकवायचो, टपालवाल्यालाही.

त्या यंत्रामुळेच मुंबईचे एक हृदयरोगतज्ज्ञ महिन्यातून एका रविवारी माझ्याकडे येऊ लागले. ते यायचे त्या दिवशी हॉस्पिटलच्या पायऱ्या दोनदा धुतल्या जायच्या आणि माझ्या घरी सावित्री नदीतली मासळी शिजायची. गृहस्थ हुशार होते, यात शंका नाही. पण त्यांना हुशारीपेक्षा वेगाचं कौतुक जास्त. "दोन मिनिटांत शिरेत असतो मी," असं म्हणायचे. आणि आम्ही गावातले डॉक्टर भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून माना डोलवायचो. जत्रेत मौत का कुआँ बघायला उभ्या असलेल्या पोरांत आणि आमच्यात फार फरक नव्हता. पोरांनी निदान तिकीट काढलेलं असायचं.

आता रुग्णाविषयी. किस्स्यात मी त्यांना 'म्हातारा' म्हणायचो आणि प्रत्यक्षात अरे-तुरे करायचो. ते माझ्यापेक्षा वयाने मोठे होते. खोऱ्यातले शेतकरी, भात आणि वर डोंगरउतारावर नाचणी. बांधावर बसल्या बसल्या त्यांची शुद्ध हरपायला लागली होती. नाडी मोजली तर मिनिटाला तीसच्या आसपास. हृदयाच्या वरच्या कप्प्यातून निघालेला इशारा खालच्या कप्प्यापर्यंत पोचतच नव्हता. पेसमेकरला पर्याय नव्हता: छातीच्या कातडीखाली एक चपटी डबी, आणि तिच्यापासून शिरेतून थेट हृदयात जाणारी एक तार. डबी कंपनी करते. तार शिरेत कुठून घालायची, हे मात्र डॉक्टरच्या हातात असतं, आणि पुढचं सगळं त्यावर ठरतं.

ऑपरेशनच्या सकाळी ते टेबलावर आडवे होते. मुलगा दाराशी उभा. तो वसाहतीतल्या रसायनाच्या कारखान्यात कामाला होता, रात्रपाळी करून तसाच कंपनीच्या कपड्यांत आलेला.

"डाक्तर, येक सांगायचं हाय," ते म्हणाले. "डावा खांदा पालखीचा हाय. तुमची डबी उजव्या अंगाला घाला."

मुंबईच्या डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. "म्हणजे काय?"

मुलगा म्हणाला, "साहेब, शिमग्याला पालखीच्या पुढच्या दांडीचा मान आमच्या घराकडं हाय. आज्यापासून. डाव्या खांद्यावर घ्यायची."

"मग देवाला सांगा खांदा बदलायला," मुंबईचे डॉक्टर हातमोजे चढवत म्हणाले. "आम्हाला डावीकडून सोपं जातं."

मी हसलो. मुलगा हसला नाही. वडील छताकडे बघत राहिले.

डावीकडून सोपं जातं हे खरं आहे. डावीकडून तार हृदयाकडे सहज वळते. पण उजवीकडून ती जात नाही असं मुळीच नाही. उजवीकडून घालायला थोडा जास्त वेळ लागला असता, इतकंच. त्या माणसाने आम्हाला आधीच सांगितलं होतं की माझ्या शरीरावर ओझं कुठे येतं. इंजिनिअरला कुणी अशी माहिती दिली तर तो लिहून घेतो. आम्ही त्याचा विनोद केला.

शिरेत शिरायचे रस्ते तेव्हाही माहीत होते. खांद्याचा आणि छातीचा स्नायू जिथे भेटतात तिथे एक खोबण असते, तिच्यात एक बारीक शीर असते. तिथे छोटा छेद घ्यायचा, शीर डोळ्यांनी बघायची, दोऱ्यावर उचलायची, तिला चीर देऊन तार आत सरकवायची. यात सुई आंधळेपणाने कुठेच खुपसायची नसते, त्यामुळे फुप्फुसाला भोक पडत नाही आणि धमनीला धक्का लागत नाही. ही पद्धत जुनी आणि सावकाश. कधी शीर फारच बारीक निघते, तेव्हा दुसरा रस्ता धरावा लागतो. काखेकडच्या मोठ्या शिरेत, बरगड्यांच्या पिंजऱ्याच्या बाहेरच सुई घालायची. हातातून औषध सोडलं की पडद्यावर शीर काळी उमटते. सुईचं टोक पहिल्या बरगडीच्या हाडावर ठेवलं, त्याच्या आत जाऊ दिलं नाही, की फुप्फुस सुरक्षित राहतं.

तिसरा रस्ता मुंबईच्या डॉक्टरांचा. गळ्याखालचं आडवं हाड, म्हणजे कॉलरबोन, चाचपायचं आणि त्याच्या खालून अंदाजाने सुई आत मारायची. दोन मिनिटं. बहुतेक वेळा निभावतं. पण सुई मध्याकडे फार सरकली तर ती कॉलरबोन आणि पहिली बरगडी यांच्या बेचक्यातून जाते. तिथे चिवट स्नायुबंध असतो. त्यातून गेलेली तार जन्मभर दोन हाडांच्या अडकित्त्यात राहते. हात हलला की हाडं हलतात, आणि हात तर माणूस दिवसभर हलवतो.

रुग्ण आदल्या संध्याकाळपासून उपाशी होते. एप्रिलच्या उन्हात जीपमधून, घामाने निथळत, घाट उतरून आले होते. अशा माणसाच्या शिरा चपट्या पडतात. सलाईनची एक बाटली भरभर सोडली असती, पाय उशीवर उंच केले असते, तर शीर भरून आली असती. कुणी केलं नाही. घड्याळ चालू होतं ना.

पहिल्या टोचणीला काहीच आलं नाही. दुसऱ्या टोचणीला लालभडक रक्त उसळलं, म्हणजे धमनी. दाबून धरलं. तिसरी, चौथी, प्रत्येक वेळी सुई थोडी आणखी आत, गळ्याकडे. मी समोर कातडी ताणून उभा होतो. म्हणालो, "मी खोबणीतली शीर उघडून देऊ का? पाच-दहा मिनिटं लागतील."

"तुम्हा सर्जन लोकांना काही कापल्याशिवाय झोप येत नाही का हो?"

टेबलाभोवतीचे सगळे हसले. मीही हसलो, आणि गप्प बसलो.

शेवटी काळपट रक्त आलं. शीर मिळाली. सुईतून आधी वाट दाखवणारी बारीक तार घातली, ती खाली पोटाकडे उतरताना पडद्यावर दिसली, म्हणजे शिरेतच होती. इथपर्यंत ठीक. पण रस्ता रुंद करायची नळी त्या वाटेने जाईना. मुंबईच्या डॉक्टरांनी ती पिळत पिळत रेटली. तो अडथळा माझ्या बोटांखाली मला कळत होता. नरम शिरेत जाणारी वस्तू तशी जात नाही. ती चामड्यातून जावी तशी गेली. त्याच वेळी बाहेर काढून वाट बदलायला हवी होती. पण त्या नळीतून खरी तार हृदयात गेली, पडद्यावर हृदय नीट ठोके देऊ लागलं आणि सगळ्यांनी एकमेकांचे हात हातात घेतले.

संध्याकाळी फोटो निघाला. मी, मुंबईचे डॉक्टर, मध्ये शाल गुंडाळलेले ते. स्थानिक साप्ताहिकात छापून आला. कितीतरी दिवस तो माझ्या केबिनमध्ये काचेखाली होता. रुग्ण फोटोत गोंधळलेला दिसतो, दोन्ही डॉक्टर मात्र स्वतः हृदय घडवल्यासारखे.

पहिल्या शिमग्याला ते स्वतःहूनच मागे राहिले. पालखी चुलतभावाने घेतली. दुसऱ्या शिमग्याच्या आधी ते माझ्याकडे आले. ओपीडी खच्चून भरलेली. त्यांनी दारातूनच विचारलं, "डाक्तर, या वर्साला पालखी घेऊ ना?"

मी मान वर न करता म्हणालो, "घे की. काय धाड भरलीय तुला?"

ते खूश होऊन गेले. मी त्यांचा खांदा बघितला नाही, फोटो काढला नाही, काही नाही. एक्स-रेचं मशीन दहा पावलांवर होतं.

पुढचं मला मुलाने सांगितलं. देवळासमोरच्या खळ्यात पालखी नाचत होती. ढोल वाढला, पालखी वर फेकली, खांद्यावर झेलली, आणि वडील मुळासकट झाड पडावं तसे कोसळले. दांडी सुटली. पालखीचा कोपरा जमिनीला लागला. नाचताना पालखी जमिनीला लागणं म्हणजे त्या गावात काय, हे मी सांगायला नको. ढोल थांबले. बायका रडायला लागल्या, त्या वडिलांसाठी की देवासाठी हे कळायला मार्ग नव्हता.

जीपमधून आणलं तेव्हा नाडी पुन्हा तीसवर. जांघेतून तात्पुरती तार घालून मी त्यांना धरून ठेवलं आणि फोटो काढला. फिल्म उजेडासमोर धरली. कॉलरबोन आणि पहिली बरगडी जिथे गळ्याजवळ एकमेकांना भेटतात, बरोब्बर त्या बेचक्यात तार चेपलेली होती आणि तुटलेली होती. पालखीची दांडी टेकते ती जागा तिथून चार बोटं बाहेर, वर. तिथे तार शाबूत होती.

पालखीच्या ओझ्याने ते हाड खाली दाबलं गेलं असेल, हे मी नाकारत नाही. पण अडकित्ता आम्ही लावला होता. पालखी नसती तर गवताचा भारा असता, पाण्याची कळशी असती, नाहीतर नुसता नांगर. तार तुटणारच होती. आणि ती काखेकडून किंवा खोबणीतून गेली असती, किंवा त्यांनी सांगितल्याप्रमाणे उजवीकडून, तर पालखी नाचली असती आणि तेही.

मी मुंबईला फोन केला. सगळं सांगितलं, तुटलेली जागाही सांगितली. पलीकडून आवाज आला, "पालखी घेतली होती? मग प्रश्नच मिटला."

प्रश्न मिटला. त्या माणसाच्या आयुष्यातला प्रश्न तिथे सुरू झाला होता आणि हे गृहस्थ म्हणत होते मिटला. मला राग आला का? नाही. हलकं वाटलं. हेच मला आज किळसवाणं वाटतं.

रविवारी मुंबईचे डॉक्टर आले. या वेळी उजवी बाजू, आणि मी न विचारता चाकू हातात घेतला. आधी सलाईन, मग पाय उंच. खोबण उघडली, चरबी बाजूला सारली, आणि ती निळसर शीर बोरूसारखी भरलेली समोर आली. दोऱ्यावर उचलली, चीर दिली, तार सरकवली. ती लोण्यात जावी तशी गेली. मुंबईचे डॉक्टर एवढंच म्हणाले, "बराच वेळ खाल्लात." उजवीकडची ती तार शेवटपर्यंत टिकली.

रुग्ण वॉर्डात असतानाच गावातून तिघे आले. पुढे गावकर, म्हणजे देवस्थानाचं आणि गावाचं बघणारा वडीलधारा माणूस. पायताण बाहेर काढून केबिनमध्ये आले आणि उभेच राहिले.

"बसा," मी म्हणालो.

"बसायला नाय आलो. येक इचारायचं हाय." गावकर खाकरला. "पालखी भुईला लागली. देवाला कौल लावला. फूल ना उजवं पडलं, ना डावं. देव काय बोलत नाय. म्हनून तुमच्याकडं आलो. तुमी शिकलेले, तुमी आतलं बघितलंय. दोष खांद्याचा का तुमच्या तारेचा?"

"आणि खांद्याचा असला तर?"

"तर त्या घराचा खांदा देवाला चालत नाय. मान दुसऱ्याकडं जाईल. तारेचा आसंल तर काय नाय. मानसाच्या हातून चुकतं."

मी शिकलेला माणूस. गावकऱ्यांना अंधश्रद्ध म्हणून नावं ठेवण्यात माझी निम्मी हयात गेली. आणि तीच माणसं देवाने उत्तर दिलं नाही म्हणून फुलावर अडून न बसता, वीसेक मैल खाली उतरून पुरावा मागायला आली होती. फिल्म माझ्या टेबलाच्या खणात होती. बाहेर काढून बोट ठेवलं असतं तर त्यांना कळलं असतं. शेतकऱ्याला अडकित्ता समजावून सांगावा लागत नाही.

मी म्हणालो, "खांद्याचा."

गावकराने मान हलवली. "बरं झालं, साफ सांगितलंत." त्यांनी मला नमस्कार केला आणि गेले.

मान चुलतभावाच्या घरी गेला. शिमग्याला पालखी घरोघर फिरते, तेव्हा या घराच्या अंगणात ती येई, पण घरातल्या कुणी तिला हात लावायचा नाही. ओवाळायचं आणि मागे सरायचं.

ते तपासणीला येत राहिले. कधी तक्रार नाही. एकदाच, शर्टाची बटणं लावता लावता म्हणाले, "डाक्तर, तुमी बोल्ला व्हता, घे म्हनून."

"मी जपून घे म्हटलं होतं."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "आसंल," म्हणाले, आणि टोपी घातली.

काही वर्षांनी न्यूमोनियाने गेले. तोवर मी तो किस्सा पाठ केला होता.

दोन हजार सालानंतर काही वर्षांनी डॉक्टरांच्या एका सभेत एका तरुण डॉक्टराने पेसमेकरच्या तारांवर भाषण दिलं. काखेकडची शीर औषधाने उमटवून कशी टोचायची, सुईचं टोक बरगडीवर कसं ठेवायचं, हे त्याने चित्रांनी दाखवलं. मग पडद्यावर एक फिल्म आली. मला वाटलं माझ्याच खणातली आणली की काय. तेच बेचकं, तशीच चेपलेली तार. तरुण म्हणाला, "हा रुग्णाचा दोष नसतो. हा रस्ता निवडणाऱ्याचा दोष."

जेवताना मुंबईचे डॉक्टर, आता केस पांढरे झालेले, माझ्या पाठीवर थाप मारून ओरडले, "अहो, तो पालखीचा किस्सा होऊन जाऊ द्या!"

आणि मी सांगितला. त्या भाषणानंतर, तासाभरात. तेच थांबणं, तोच ग्लास. लोक हसले. तो तरुण हसला नाही. त्याने ताटातून डोळे वर करून विचारलं, "सर, तार कुठे तुटली होती?"

मी ग्लास ठेवला आणि घरी आलो.

शिमग्याच्या आधी गावकीची बैठक देवळात भरते. मी फिल्म घेऊन गेलो. जुना गावकर गेला होता, त्याच्या जागी त्याचा मुलगा. खांबाला टेकून, मागच्या रांगेत, तो कारखान्यातला मुलगा बसलेला. त्याचेही केस पिकले होते.

मी फिल्म दाराच्या उजेडात धरली आणि सगळं सांगितलं. उजवीकडे घाला म्हणून ते म्हणाले होते. आम्ही हसलो. तार चुकीच्या जागी गेली हे माझ्या बोटांना तेव्हाच कळलं होतं. पालखी घे असं मीच म्हटलं. आणि तुम्ही विचारलंत तेव्हा मी खोटं बोललो.

मग एक म्हातारा म्हणाला, "डाक्तर, तवा सांगितलं असतंत तर मानूस मान घिऊन गेला असता."

"आता मान परत देऊ," नवा गावकर म्हणाला. "चुलत्याची पोरं तशी बी मुंबईला. त्यांचे खांदे मोबाइल धरायच्या कामाचे."

लोक हसले. कारखान्यातला मुलगा उठला. "असा नको," तो म्हणाला. "बैठकीत दिला तर बैठकीत राहील. बाबांचं नाव देवासमोर गेलंय. देवासमोर बोला. मग घेतो."

"कोण बोलंल?"

"नेहमी बोलतो तो. पन डाक्तरांनी हजर ऱ्हायचं."

म्हणून शिमग्याच्या दिवशी मी त्या खळ्यात उभा होतो. सबंध गाव, मुंबईहून आलेले, माहेरवाशिणी, पोरंबाळं. गुरवाने देवाला गाऱ्हाणं घातलं. दरवर्षीचं सगळं झालं: पाऊस-पाणी, रोगराई, गुरंढोरं. प्रत्येक वाक्याला गाव ओरडत होतं, "व्हय म्हाराजा!" मग त्याने श्वास घेतला.

"बा म्हाराजा, ह्या घराच्या खांद्याला दोष दिला, तो दोष खांद्याचा नव्हता."

"व्हय म्हाराजा!"

"तार डाक्तरानं चुकीची घातली, आनि इचारल्यावर खोटं सांगितलं."

"व्हय म्हाराजा!"

सगळ्यात मोठ्याने पोरं ओरडली. त्यांना काही माहीत नव्हतं, ओरडायला मिळालं एवढंच. माझ्या शेजारच्या बाईने पदर तोंडाला लावून मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. मेजवानीतला हशा आणि हा आवाज, दोन्ही मी एकाच जन्मात ऐकले.

"त्याला पदरात घे, आनि ह्या घराचा खांदा जसा व्हता तसा मानून घे."

"व्हय म्हाराजा!"

मुलाने सदरा काढला. माझ्याकडे न बघता तो पुढे गेला, वाकला आणि दांडी डाव्या खांद्यावर घेतली. ढोल सुरू झाले. मी त्याच्या गळ्याखालच्या हाडाकडे बघत उभा राहिलो, ते प्रत्येक पावलाला वर-खाली होत होतं.